दुसरी केबल सगळ्यात शेवटी: स्विचमध्ये बॅकअप लिंक आणि लोड बॅलन्सिंग कसं बसवायचं

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या एमआयडीसींमध्ये आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "बॅकअपसाठी दोन स्विचमध्ये दुसरी केबल टाकली आणि सगळं नेटवर्कच बसलं." नाहीतर याच्या अगदी उलट, "दोन केबल होत्या, पण एक तुटली तेव्हा दुसरी चाललीच नाही." दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा कामाचा चुकलेला क्रम असतो. केबल आधी लावली जाते, सेटिंग नंतर होतं आणि चाचणी राहूनच जाते.

उदाहरणासाठी शिरोलीतला एक मध्यम कारखाना धरू. ऑफिसच्या इमारतीत सर्व्हर रूम, तिथे कोअर-१ आणि कोअर-२ असे दोन मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) मुख्य स्विच. मशीन शॉप, स्टोअर आणि गेट इथे एकेक अ‍ॅक्सेस स्विच (तिथली उपकरणं जोडणारा). ईआरपीचा (कारखान्याचा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर कोअर-१ वर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) कोअर-२ वर. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) चार: १० ऑफिस, २० मशीन, ३० कॅमेरे, ४० गेटवरचा वजनकाटा आणि पंचिंग मशीन. वजनकाटा बंद पडला की गेटबाहेर ट्रकची रांग लागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना बॅकअप लिंक कशाला हवी ते सांगावं लागत नाही.

कमांड कंपनीगणिक बदलतात. म्हणून इथे काय सेट करायचं आणि कोणत्या क्रमाने, यावर भर दिला आहे. जिथे कमांडचं नाव घेतलंय तिथे ती सिस्कोची समजा. इतर कंपन्यांच्या स्विचमध्ये तेच काम दुसऱ्या नावाने किंवा मेनूतून होतं.

आधी हे पक्कं करा: रचना कोणती हवी

दोन वेगळ्या रचना आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिली: त्याच दोन स्विचमध्ये दोन किंवा जास्त केबल. इथे एलएसीपी (केबली एकत्र बांधण्याचा प्रोटोकॉल) वापरून केबलींचा एक बंडल करायचा. सगळ्या केबल एकाच वेळी काम करतात, एक गेली तर उरलेल्या ओझं उचलतात.

दुसरी: एका अ‍ॅक्सेस स्विचपासून एक केबल कोअर-१ ला आणि एक कोअर-२ ला. इथे स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचमधली गोल वाट (लूप) टाळणारी यंत्रणा, एक केबल राखीव ठेवतं. लोड वाटायचा असेल तर काही व्हीलॅन एका वाटेने आणि काही दुसऱ्या वाटेने पाठवावे लागतात.

इशारा: दोन स्वतंत्र कोअर स्विचना मिळून एक एलएसीपी बंडल होत नाही. ते दोन्ही स्टॅक केलेले (जोडून एकच स्विच केलेले) असतील किंवा त्यांच्यात एमलॅग (दोन स्विचनी मिळून एक बंडल चालवण्याची सोय) असेल तरच होतं. तुमच्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का, ते खरेदीआधीच बघा.

आणखी एक गोष्ट मालकांना आधीच सांगून ठेवा. एक जीबीपीएसच्या दोन केबलींचा बंडल केला म्हणून एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर जाणारी एक मोठी फाइल दोन जीबीपीएसने जाणार नाही. एक संवाद एकाच केबलवरून जातो, कारण पॅकेटचा क्रम बिघडू द्यायचा नसतो. फायदा होतो तो अनेक संवाद एकाच वेळी चालू असताना.

तयारी

ही पायरी लोक सगळ्यात जास्त गुंडाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

कागदावर नकाशा काढा. प्रत्येक स्विच, प्रत्येक अपलिंक (स्विच ते स्विच जाणारी लिंक), दोन्ही टोकांचे पोर्ट नंबर, कोणते व्हीलॅन जातात. जुन्या नकाशावर विसंबू नका; रॅक उघडा, पॅच कॉर्ड हाताने शोधत जा आणि दोन्ही टोकांना लेबल लावा. टेबलाखाली कुणीतरी ठेवलेला पाच पोर्टचा साधा स्विच याच फेरीत सापडतो. तो नकाशावर आलाच पाहिजे.

मग केबलीचा मार्ग बघा. एकाच फायबर केबलमधल्या चार कोअरपैकी (काचेच्या तंतूंपैकी) दोन पहिल्या लिंकला आणि दोन दुसऱ्या लिंकला वापरल्या, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. दोन लिंकच्या दोन केबल आणि शक्यतो दोन वाटा असाव्यात: एक जमिनीतल्या डक्टमधून, दुसरी शेडच्या ट्रसवरून.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. शंभर मीटरची मर्यादा तर आहेच. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि एप्रिल-मे महिन्यातल्या वळवात विजा चमकल्या की अशाच केबलीवरून दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलींशेजारून नेलेली नेटवर्क केबलही त्रास देते. इमारतीबाहेर फायबरच हवी.

वीज तपासा. कोअर-१ आणि कोअर-२ एकाच यूपीएसच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर तुमच्याकडे दोन स्विच आहेत, पण बॅकअप नाही. दोन यूपीएस, दोन वेगळे एमसीबी.

सध्याचा ट्रॅफिक मोजा. समजा ४० कॅमेरे आणि प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांचेच १६० एमबीपीएस सतत वाहतात. सोमवार सकाळ, शिफ्ट बदलताना, महिनाअखेरीला ईआरपीवर गर्दी असताना आकडे लिहून ठेवा. नियम असा की दोन लिंकपैकी एक गेल्यावर उरलेल्या एकीला सगळं पेलता आलं पाहिजे. म्हणजे गर्दीच्या वेळी दोन्ही लिंक निम्म्याच्या आत भरलेल्या हव्यात. दोन्ही सत्तर टक्के भरलेल्या असतील, तर ज्या दिवशी एक तुटेल त्या दिवशी दुसरीही गुदमरेल. अशा ठिकाणी आधी लिंकचा वेग वाढवा.

शेवटी, सगळ्या स्विचचं चालू कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची) सोबत ठेवा. काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा.

तपासा: नकाशा, लेबल, दोन यूपीएस, ट्रॅफिकचे आकडे, कॉन्फिगरेशनची प्रत, कन्सोल केबल. यातलं एक जरी कमी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: जादा केबली बंद ठेवा आणि रूट ठरवा

नवीन केबल टाकून झाली असेल, तरी दोन्ही टोकांचे पोर्ट शटडाउन ठेवा. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल (किती टप्प्यांनंतर पॅकेट टाकून द्यायचं तो आकडा) असतो, फ्रेममध्ये तसं काही नाही. त्यामुळे सेटिंगशिवाय दुसरी वाट उघडली तर एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला संदेश) गोल फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळं थांबतं.

आता स्पॅनिंग ट्रीचा रूट, म्हणजे ज्याच्याकडे सगळ्या वाटा जातात तो स्विच, ठरवा. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. सगळ्यांची सारखी असली की सगळ्यात लहान मॅक अ‍ॅड्रेसचा (यंत्राच्या मूळ पत्त्याचा) स्विच रूट बनतो, आणि तो बऱ्याचदा कारखान्यातला सगळ्यात जुना स्विच असतो. मग मशीन शॉपच्या धुळीत बसलेला दहा वर्षांचा स्विच अख्ख्या नेटवर्कचा मध्य होतो आणि कोअरमधली चांगली लिंक ब्लॉक होऊन बसते.

कोअर-१ ला ४०९६ आणि कोअर-२ ला ८१९२ द्या. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. अ‍ॅक्सेस स्विचना हात लावू नका, ते ३२७६८ वरच राहू द्या. शून्य प्रायॉरिटी देण्याचा मोह टाळा. पुढे कधी नवा कोअर आणून त्याला रूट करायचं झालं तर खाली जागा हवी.

तपासा: प्रत्येक स्विचवर "शो स्पॅनिंग-ट्री" द्या. सगळीकडे रूट म्हणून कोअर-१ चाच मॅक दिसला पाहिजे. सिस्कोत प्रायॉरिटीच्या आकड्यात व्हीलॅन नंबर मिळवलेला असतो, म्हणून व्हीलॅन १० साठी ४१०६ दिसेल. ते बरोबर आहे. एखादा स्विच स्वतःलाच रूट म्हणत असेल, तर त्याच्या आणि कोअरच्या मध्ये बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे संदेश) अडतायत. ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: सगळीकडे जलद स्पॅनिंग ट्री

जुन्या स्पॅनिंग ट्रीत लिंक तुटल्यावर दुसरी वाट उघडायला ३० ते ५० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ईआरपीचं लॉगिन जातं, वजनकाट्याची पावती अडकते. आरएसटीपी किंवा एमएसटीपी (जलद स्पॅनिंग ट्रीचे प्रकार) हेच काम साधारण सेकंदाभरात करतं. सगळे स्विच एकाच प्रकारावर आणा. मध्ये एक जरी जुन्या प्रकारावर राहिला, तर त्याच्याकडे जाणाऱ्या पोर्टवर जुनीच संथ घड्याळं चालू राहतात.

कोणता प्रकार घ्यायचा? सगळे स्विच सिस्कोचे असतील तर रॅपिड पीव्हीएसटी सोपं पडतं, त्यात प्रत्येक व्हीलॅनचं वेगळं झाड, म्हणजे वाटांचा वेगळा आराखडा, असतो. कंपन्या मिसळलेल्या असतील, आणि आपल्याकडे त्या असतातच, तर एमएसटीपी घ्या. साध्या आरएसटीपीत सगळ्या व्हीलॅनसाठी मिळून एकच झाड असतं. त्यात बॅकअप मिळेल, पण लोड वाटता येणार नाही.

टप्पा ३: कडेचे पोर्ट बंदिस्त करा

कॉम्प्युटर, कॅमेरा, प्रिंटर, सीएनसी मशीन जिथे लागतात ते पोर्ट एज पोर्ट करा. सिस्कोत त्याला पोर्टफास्ट म्हणतात. याला कारण आहे. एज न केलेला पोर्ट चालू-बंद झाला की स्विचला वाटतं नेटवर्कची रचना बदलली, आणि तो सगळीकडे शिकलेले मॅक पुसायला लावतो. मशीन शॉपमध्ये दिवसभरात मशीन कितीदा बंद-चालू होतात, याचा विचार करा.

त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे कुणी तिथे स्विच जोडला किंवा केबलची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खोचली तर पोर्ट आपोआप बंद होईल. काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा गार्डला काही कळत नाही. म्हणून स्टॉर्म कंट्रोलही (ब्रॉडकास्टचा पूर रोखणारी सोय) सोबत लावा.

इशारा: स्विच ते स्विच जाणाऱ्या पोर्टवर एज पोर्ट कधीही नको. "लवकर चालू होतं" म्हणून अपलिंकवर पोर्टफास्ट लावलेला जागोजागी सापडतो.

टप्पा ४: एलएसीपी बंडल

आपल्या कारखान्यात पहिला बंडल कोअर-१ आणि कोअर-२ यांच्यामध्ये हवा. दोन्ही कोअर एकमेकांना नीट बांधलेले नसतील तर पुढचा लोड बॅलन्सिंगचा सगळा डोलारा कोसळतो.

१. दोन्ही केबलींचे पोर्ट दोन्ही टोकांना जुळवून घ्या. वेग, डुप्लेक्स, ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक), परवानगी असलेले व्हीलॅन, नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा), सगळं तंतोतंत सारखं. एक जीबीपीएस आणि दहा जीबीपीएस असे पोर्ट एका बंडलमध्ये घालू नका.

२. लांबच्या स्विचवर आधी, जवळच्यावर नंतर काम करा. ज्या लिंकवरून तुम्ही लॉगिन केलंय तीच लिंक बंडलमध्ये जाणार असेल, तर जवळचं टोक आधी बदललं की पलीकडचा स्विच हातातून सुटतो.

३. हे दूरून करत असाल तर आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि मग "रीलोड इन १०" द्या. बदल करताना संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. सगळं नीट झालं की "रीलोड कॅन्सल" द्या आणि मगच नवं सेव्ह करा. हाच क्रम ठेवा. मध्येच "राइट मेमरी" (सेव्हची कमांड) मारली तर ही दोरी तुम्हीच कापलीत.

४. दोन्ही टोकांना एलएसीपी अ‍ॅक्टिव्ह ठेवा. पॅसिव्ह-पॅसिव्ह ठेवलंत तर कुणीच बोलायला सुरुवात करत नाही. स्थिर, म्हणजे "ऑन" प्रकार टाळा. एका टोकाला "ऑन" आणि दुसऱ्या टोकाला साधे ट्रंक असं झालं तर लूपचा धोका असतो, शिवाय लिंक अर्धवट मेलेली असली तरी "ऑन"ला ते कळत नाही.

५. बंडल तयार झाल्यावर व्हीलॅनमधला प्रत्येक बदल बंडलवरच करा, आतल्या एकेका पोर्टवर नाही. एका पोर्टवर व्हीलॅन जास्त आणि दुसऱ्यावर कमी झाला की एक पोर्ट बंडलमधून बाहेर पडतो.

६. पहिला पोर्ट उघडा, तपासा, मग दुसरा उघडा.

तपासा: "शो इथरचॅनल समरी"मध्ये बंडलसमोर "एसयू" आणि प्रत्येक पोर्टसमोर "पी" दिसलं पाहिजे. "आय" म्हणजे पोर्ट एकटाच चालतोय, समोरून एलएसीपी येत नाही. लहान "एस" म्हणजे तो थांबवलेला आहे. बहुधा सेटिंग जुळत नाही. स्पॅनिंग ट्रीमध्ये आता दोन पोर्टऐवजी एक बंडल दिसायला हवा.

आता मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी). खर्च वाचवायला फायबरच्या दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावलेले असतात. मधली फायबर तुटली तरी स्विच ते कन्व्हर्टर ही छोटी केबल जोडलेली राहते, स्विचवरचा दिवा हिरवाच दिसतो. "ऑन" बंडल त्या मेलेल्या वाटेवर निम्मा ट्रॅफिक पाठवत राहतो. म्हणजे निम्म्या लोकांचं ईआरपी चालतं, निम्म्यांचं नाही, आणि फोन तुम्हाला येतात की "माझंच का बंद?" एलएसीपी हे ओळखतं: संथ टायमरवर ९० सेकंदांत, जलद टायमरवर ३ सेकंदांत. कन्व्हर्टर असेल तिथे जलद टायमर लावा, कन्व्हर्टरमधला लिंक फॉल्ट पास-थ्रूचा (एका बाजूची लिंक गेली की दुसरीही पाडण्याचा) स्विच चालू करा, आणि जमेल तेव्हा कन्व्हर्टर काढून स्विचमध्येच एसएफपी (फायबरचं मॉड्यूल) बसवा.

टप्पा ५: हॅश निवडा, नाहीतर एकच केबल राबते

बंडल झाला की लोड आपोआप समान वाटला जातो, असा समज फार पक्का आहे. स्विच केबलींवरचा ट्रॅफिक बघून वाटणी करत नाही. तो पॅकेटमधल्या पत्त्यांवर एक छोटं गणित (हॅश) करतो आणि उत्तरानुसार केबल निवडतो.

आपल्या कॅमेऱ्यांचंच घ्या. गेट, स्टोअर, मशीन शॉप इथले सगळे कॅमेरे एकाच एनव्हीआरकडे पाठवतात. हॅश फक्त जाण्याच्या मॅकवर असेल तर प्रत्येक पॅकेटचा जाण्याचा मॅक एकच, म्हणून गणिताचं उत्तर एकच, म्हणून केबल एकच. दुसरी केबल मोकळी पडून राहते. उलट, वेगवेगळ्या व्हीलॅनमधला ट्रॅफिक राउटर किंवा फायरवॉलमधून येत असेल तर निघण्याचा मॅक नेहमी राउटरचाच असतो, तिथे फक्त निघण्याच्या मॅकवरचा हॅश निरुपयोगी.

बहुतेक ठिकाणी निघण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही आयपी मिळून हॅश ठेवावा. स्विचमध्ये पोर्ट नंबरही धरायची सोय असेल तर आणखी चांगलं.

तरीही एक खाच राहते. साध्या स्विचमध्ये दोन केबलींसाठी दोन्ही आयपींचा शेवटचा बिट घेऊन निर्णय होतो. मशीनना पत्ते देताना लक्षात राहावेत म्हणून कुणी .१०, .२०, .३०, .४० असे दिलेले असतात आणि सर्व्हर .५० वर असतो. सगळे आकडे सम. सगळ्यांचं उत्तर शून्य. सगळा ट्रॅफिक पहिल्या केबलवर. अर्ध्या मशीनचे पत्ते .११, .२१ असे विषम केले की वाटणी होते. एक पैसाही खर्च नाही.

केबलींची संख्या दोन, चार किंवा आठ ठेवा. अनेक स्विच हॅशचे आठ भाग करून केबलींना वाटतात; तीन केबलींना ते तीन, तीन, दोन असे येतात.

हॅश दोन्ही टोकांना वेगळा असला तरी चालतो, कारण प्रत्येक स्विच आपण पाठवतो त्याच दिशेचा निर्णय घेतो. म्हणून एका टोकाला हॅश बदलून काम झालं असं समजू नका, दोन्ही दिशा बघा.

तपासा: गर्दीच्या वेळी दोन्ही पोर्टचे जाणारे आणि येणारे आकडे शेजारी शेजारी लिहा. साठ-चाळीस असेल तर सोडून द्या. पंच्याण्णव-पाच असेल तर हॅश किंवा पत्ते बदला.

टप्पा ६: दोन कोअरमध्ये व्हीलॅन वाटा

आता अ‍ॅक्सेस स्विचची दुसरी केबल. ती कोअर-२ ला जाईल. ती उघडण्याआधी कोणत्या व्हीलॅनचा रूट कुठे, हे ठरवा.

व्हीलॅनची संख्या समान वाटून उपयोग नाही, ट्रॅफिक वाटायचा आहे. आणि ज्याचा सर्व्हर जिथे, त्याचा रूट तिथेच. एनव्हीआर कोअर-२ वर आहे, म्हणून व्हीलॅन ३० चा रूट कोअर-२. ईआरपी कोअर-१ वर, म्हणून १०, २० आणि ४० चा रूट कोअर-१. उलटं केलंत तर कॅमेऱ्यांचा सगळा ट्रॅफिक आधी कोअर-१ कडे जाऊन मधल्या बंडलवरून कोअर-२ ला येईल.

रॅपिड पीव्हीएसटीत: कोअर-१ वर व्हीलॅन १०, २०, ४० ला ४०९६ आणि ३० ला ८१९२, कोअर-२ वर बरोबर उलट.

एमएसटीपीत (इथे व्हीलॅनच्या एका गटाचं एक झाड, त्याला इन्स्टन्स म्हणतात): इन्स्टन्स १ मध्ये १०, २०, ४० आणि इन्स्टन्स २ मध्ये ३०. प्रायॉरिटी इन्स्टन्सला द्यायची. इन्स्टन्स शून्य विसरू नका, त्याचाही रूट ठरवा. प्रदेशाचं (रीजनचं, म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅनची वाटणी ही तिन्ही सगळ्या स्विचवर अक्षरशः सारखी हवीत. नावात एक मोठं-लहान अक्षर चुकलं तरी तो स्विच वेगळा प्रदेश ठरतो आणि वाटणी त्याच्यापुरती बंद पडते. पुढे लागणारे व्हीलॅन आजच वाटून ठेवा, उदाहरणार्थ १०० ते १४९ इन्स्टन्स १ मध्ये आणि १५० ते १९९ इन्स्टन्स २ मध्ये. नंतर वाटणी बदलायची म्हणजे प्रत्येक स्विचवर बदल आणि मध्ये झटका.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. लोड वाटायचा म्हणून काही जण ट्रंकवर परवानगीच वाटून टाकतात: पहिल्या केबलवर फक्त १०, २०, ४० आणि दुसऱ्या केबलवर फक्त ३०. दिसायला वाटणी झाली. पण पहिली केबल तुटली तर १०, २०, ४० यांना दुसरी वाटच नाही. बॅकअप गेला. आणि स्विचवर साधा आरएसटीपी असेल तर त्याहून वाईट होतं: त्याला सगळ्यांसाठी मिळून एकच झाड दिसतं, तो दुसरी केबल ब्लॉक करतो, आणि व्हीलॅन ३० पहिल्या केबलवर चालत नाही म्हणून कॅमेरे त्याच क्षणी बंद. दोन्ही केबलींवर आणि कोअरमधल्या बंडलवर सगळे व्हीलॅन चालू ठेवा. कोण कुठून जाईल ते रूटला ठरवू द्या.

हे सगळं तपासून झाल्यावरच दुसरी केबल उघडा. एका वेळी एकच अ‍ॅक्सेस स्विच, आधी स्टोअर, मग मशीन शॉप आणि गेट शेवटी. प्रत्येकानंतर पाच-दहा मिनिटं लॉग बघत थांबा. मॅक फ्लॅपिंगचे (एकच मॅक आळीपाळीने दोन पोर्टांवर दिसण्याचे) संदेश येऊ लागले तर केबल लगेच बंद करा.

तपासा: अ‍ॅक्सेस स्विचवर व्हीलॅन १० साठी कोअर-१ कडचा पोर्ट रूट पोर्ट आणि कोअर-२ कडचा ऑल्टरनेट (राखीव) दिसला पाहिजे, व्हीलॅन ३० साठी याच्या उलट. दोन्ही केबल दोन्हीकडे फॉरवर्डिंग (ट्रॅफिक चालू) दिसत असतील तर स्पॅनिंग ट्री कुठेतरी बंद आहे. ताबडतोब एक केबल काढा.

फायबरची एक कोअर मेली आणि दुसरी जिवंत राहिली तर ब्लॉक असलेल्या पोर्टला बीपीडीयू येणं थांबतं, त्याला वाटतं वाट मोकळी आहे आणि तो उघडतो. अपलिंकवर लूप गार्ड (बीपीडीयू थांबले तरी पोर्ट उघडू न देणारा), आणि सिस्को असेल तर यूडीएलडीही (एकतर्फी लिंक ओळखणारी सोय) लावा.

टप्पा ७: गेटवे

कोअर स्विचच राउटिंग करत असतील तर गेटवेलाही (एका व्हीलॅनमधून बाहेर जाण्याच्या दरवाजालाही) जोडीदार हवा: व्हीआरआरपी, किंवा सिस्कोत एचएसआरपी (एक गेटवे पडला की दुसरा काम उचलतो ती व्यवस्था). नियम एकच. ज्या व्हीलॅनचा रूट ज्या कोअरवर, त्याचा मास्टर गेटवेही त्याच कोअरवर. व्हीआरआरपीची मूळ प्रायॉरिटी १०० असते; मास्टरला ११० पुरे. बंद पडलेला कोअर परत आल्यावर त्याने लगेच मास्टरपद घेऊ नये म्हणून प्रीएम्प्टला (मास्टरपद परत घेण्याला) थोडा उशीर द्या, नाहीतर तो वाटा शिकण्याआधीच ट्रॅफिक ओढून घेतो.

टप्पा ८: ओढून बघा

कागदावरचा बॅकअप धरू नका. ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवरून ईआरपी सर्व्हरला आणि गेटच्या कॉम्प्युटरवरून एनव्हीआरला सतत पिंग (पोचतंय का ते तपासणारा संदेश) चालू ठेवा. मग एकेक करून:

बंडलमधली पहिली केबल काढा, परत लावा, दुसरी काढा. अ‍ॅक्सेस स्विचची कोअर-१ कडची केबल काढा, परत लावा, मग कोअर-२ कडची. त्यानंतर कोअर-१ ची वीज बंद करा; ईआरपीचा सर्व्हर फक्त कोअर-१ ला जोडलेला असेल तर त्याचा पिंग तोपर्यंत थांबणारच. शेवटी तो परत चालू करा. परत येतानाच बरेच नेटवर्क अडखळतात, म्हणून पिंग तोपर्यंत चालू हवा.

प्रत्येक वेळी किती पिंग हुकले ते लिहा. बंडलमध्ये एखादाच हुकावा, स्पॅनिंग ट्रीत एक-दोन. तीस-चाळीस हुकले तर कुठेतरी जुना स्पॅनिंग ट्री शिल्लक आहे किंवा मधल्या पोर्टची बोलणी होत नाहीत. टप्पा २ वर परत जा. पिंग चालतोय म्हणून थांबू नका. वजनकाट्याची एक खरी पावती काढा, पंचिंग मशीनवर एक पंच करा, एनव्हीआरवर सगळे कॅमेरे परत आले का ते मोजा.

इशारा: पहिली केबल परत लावून ती चालू झाल्याची खात्री होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.

ही चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. तुम्ही शहरात आणि रॅक पाण्यापलीकडे, अशा दिवशी बॅकअप कुणाच्या हाताशिवाय चालू व्हायला लागतो. शहरातल्या ऑफिसपासून कारखान्यापर्यंत दोन लिंक घेतल्या असतील, तर त्या दोन्ही पंचगंगेच्या त्याच पुलावरून जातात का, हे देणाऱ्यांना विचारून घ्या.

टप्पा ९: सेव्ह आणि नजर

सगळ्या स्विचवर सेव्ह करा. नवं कॉन्फिगरेशन परत उतरवून घ्या. रॅकच्या दारावर नवा नकाशा चिकटवा, त्यावर रूट कोण आणि कोणत्या व्हीलॅनची वाट कोणती ते लिहा.

बॅकअप असलेल्या नेटवर्कचा धोका असा की पहिली लिंक तुटते तेव्हा कुणालाच कळत नाही. सगळं चालू असतं. महिन्याभराने दुसरी तुटते आणि तेव्हा दोन्ही दुरुस्त करायला लागतात. म्हणून अपलिंकचा पोर्ट पडला की ईमेल किंवा मोबाइलवर संदेश आलाच पाहिजे. सिसलॉग (सगळ्या स्विचचे लॉग एका जागी जमवणारा) सर्व्हर लावा आणि सगळ्या स्विचची वेळ एनटीपीने (वेळ जुळवण्याच्या प्रोटोकॉलने) जुळवा, नाहीतर कोणती केबल आधी गेली हे लॉगवरून सांगता येत नाही. महिन्यातून एकदा अपलिंकचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा आकडा) बघा; आकडा वाढत असेल तर फायबरचं टोक धुळीने माखलंय किंवा पॅच कॉर्ड वाकलीय.

लूप झालाच तर

सगळ्या स्विचचे दिवे एकाच वेगाने जोरजोरात लुकलुकतात, पिंग जात नाही, स्विचवर लॉगिन होत नाही. अशा वेळी सगळे स्विच बंद-चालू करत सुटू नका. लूप केबलीत आहे, रीस्टार्टनंतर तो परत येतो आणि मधल्या काळात लॉगही पुसले जातात.

गेल्या तासाभरात कुणी केबल लावली का, ते आधी विचारा. बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं. नाही मिळालं तर कोअरवर जा आणि अ‍ॅक्सेस स्विचच्या अपलिंक एकेक करून काढा, दुहेरी जोडणी असेल तर दोन्ही केबली एकदम. ज्याची अपलिंक काढल्यावर बाकीचं नेटवर्क शांत होतं, लूप त्याच शेडमध्ये. मग त्या शेडमध्ये जाऊन तिथल्या स्विचचे कडेचे पोर्ट निम्मे-निम्मे काढत जा. पाच-सहा फेऱ्यांत जागा सापडते. केबल काढल्यावर त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल का नव्हतं, ते बघून तिथल्या तिथे लावा आणि मगच अपलिंक परत जोडा.